जुन्या तबकड्यांवरचा बाख: सुरुवात कुठून करायची आणि नेमकं काय ऐकायचं

सगळ्यात आधी ती चार तासांची "बेस्ट ऑफ बाख" प्लेलिस्ट बंद करा. जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकायची म्हटलं की लोक थेट पियानोवादक एडविन फिशरचा १९३३ पासूनचा बाखचा अख्खा सेट लावतात, पहिल्याच मिनिटाला फोडणीत मोहरी तडतडल्यासारखा आवाज येतो, पियानो शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजतोय असं वाटतं, आणि दहाव्या मिनिटाला सगळं बंद करून गाडी परत नेहमीच्या चकाचक रेकॉर्डिंगवर. मी पण हेच केलेलं, एकदा नाही दोनदा. तिसऱ्यांदा जमलं कारण तेव्हा एकच दोन मिनिटांचा तुकडा घेतला आणि तोच आठ जणांचा लागोपाठ ऐकला. खाली जे सांगतोय ते एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

तुकडा कुठला, तर बाखच्या वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअरच्या पहिल्या पुस्तकातला पहिला, सी मेजरचा प्रील्यूड. हे पुस्तक १७२२ चं, बारा सुरांवरच्या मेजर आणि मायनर मिळून २४ स्केल्स, प्रत्येकीत एक प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा मोकळा तुकडा, आणि एक फ्यूग, तो काय ते पुढे सांगतो. पुढे बाखने असंच दुसरं पुस्तक केलं म्हणून लोक नुसतं "४८" पण म्हणतात. हा पहिला प्रील्यूड तुम्ही ऐकलेला आहे, नाही म्हणालात तरी आहे, कारण फ्रेंच संगीतकार गुनोच्या "आव्हे मारिया" या गाण्याच्या खाली जे झुळझुळ वाजत असतं ते हेच. ३५ मात्रागट म्हणजे बार, जवळजवळ प्रत्येक बारमध्ये एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) फोडून एकेक सूर, आणि तोच आकार लगेच परत. संपलं. सहा महिने पियानो शिकलेलं पोरगंही वाजवतं.

आणि म्हणूनच तो घ्यायचा. कारण बाखने या पानावर सुरांशिवाय काही म्हणजे काहीच लिहिलेलं नाही. लय किती, माहीत नाही. मोठ्याने की हळू, माहीत नाही. सूर जोडून वाजवायचे की सुटे, तेही नाही. पेडलचा, म्हणजे पायाने दाबून सूर रेंगाळत ठेवायच्या दांड्याचा, तर प्रश्नच नाही, त्याच्या घरातल्या वाद्यांना आजच्या पियानोसारखं पेडल नव्हतंच. भातखंड्यांच्या पुस्तकात बंदीश लिहिलेली असते पण त्यावरून अमुक घराण्याचा गवय्या ती कशी गाईल हे कळत नाही ना, तसंच काहीसं, फक्त इथे सूर बदलायची मुभा नाही. त्यामुळे सुरांच्या पलीकडे जे काही कानावर येतं ते एकतर वाजवणाऱ्याचं असतं, किंवा त्याने समोर ठेवलेल्या छापील पुस्तकाचं, किंवा मशीनचं. या तिघांचा हिशोब वेगळा करता आला की जुनी तबकडी ऐकता आली असं समजा.

मशीनचं आधी उरकून घेऊ, कारण गैरसमज तिथेच जास्त होतात.

१९२५ च्या आधीची रेकॉर्डिंग्ज माइकशिवायची. समोर एक भोंगा, त्यात वाजवायचं, आवाजाच्या थरथरीने सुई मेणात रेघ ओढणार. पियानो या भोंग्याला अजिबात मानवायचा नाही, खालचे सूर गायब, वरचे पत्र्यासारखे. इटालियन पियानोवादक फेरुचिओ बुसोनीने १९१९ मध्ये लंडनहून बायकोला लिहिलेल्या पत्रात या प्रकाराबद्दल चांगलाच वैताग काढलाय, की दहा मिनिटांची रचना चार मिनिटांत कोंबायला सांगतात, अमुक सूर दाबून वाजवा तमुक हळू वाजवा म्हणजे मशीनला नीट ऐकू येईल, आणि पेडलही मोकळेपणाने वापरता येत नाही. म्हणजे १९२२ चा बुसोनी ऐकताना "हा एवढा सपाट का वाजवतोय" असं वाटलं तर अर्धा दोष भोंग्याला द्या.

दुसरी गोष्ट वेळेची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू लहान असेल तर तीन मिनिटं, मोठी असेल तर चार-साडेचार. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे सांगायला नको, अब्दुल करीम खाँसाहेबांचा झिंझोटी तीन मिनिटांत कसा मावला हे ऐकलेला माणूस हे लगेच समजेल. गंमत म्हणजे बाखला ही मर्यादा तेवढी नडली नाही, त्याचे प्रील्यूड आणि फ्यूग मुळातच छोटे, एका बाजूवर एक जोडी कित्येकदा आरामात बसते. नडलं ते लांब फ्यूगना आणि गोल्डबर्ग व्हेरिएशन्ससारख्या (आरिया नावाची एक धून आणि तिची तीस रूपं) मोठ्या कामांना. आणि टेप आली नव्हती तोवर कापून जोडायची सोय नाही, चुकलं तर अख्खी बाजू परत वाजवा. त्यामुळे फिशरच्या सेटमध्ये चुकीचे सूर आहेत, बरेच आहेत, आणि ते तसेच ठेवलेत. पहिल्यांदा दचकायला होतं. मग सवय होते, मग एक दिवस हल्लीचं एखादं टेपवर शिवून काढलेलं बिनचूक रेकॉर्डिंग ऐकताना काहीतरी कमी वाटायला लागतं. तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो.

तिसरी, खरखर. इथे ठाम सांगतो: खरखर जास्त असलेली कॉपी निवडा. कॉम्प्युटरवर खरखर पुसायची म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज कापायचा, आणि पियानोच्या आवाजातला हातोडीचा ठोका, बोटांचा जिवंतपणा, सगळा तिथेच असतो. स्वच्छ पुसलेली कॉपी ऐकली की पियानो उशीखाली ठेवलाय असं वाटतं आणि दोष जातो बिचाऱ्या फिशरला. खरखर मेंदू पाच मिनिटांत आपोआप बाजूला टाकतो, पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस टाकतो तसा. वॉर्ड मार्स्टन आणि मार्क ओबर्ट-थॉर्न ही दोन नावं क्रेडिटमध्ये दिसली तर डोळे झाकून घ्या, हे लोक जुन्या तबकड्यांवरून आवाज उतरवण्यातले उस्ताद. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षांचा आहे, त्यामुळे तीस-चाळीसच्या दशकातलं बरंचसं खुलेआम फिरतं, एकाच रेकॉर्डिंगच्या चार चार कॉप्या मिळतात. चारही वीस-वीस सेकंद ऐकून मग ठरवा. हेडफोन महाग नसला तरी चालेल, फक्त फोनमधलं बास वाढवायचं सेटिंग आधी बंद करा.

आता तो आठांचा क्रम. बुसोनी १९२२, हॅरिएट कोहेन १९२८, फिशर १९३३, वांडा लँडोव्स्का १९४९ च्या आसपास (ही हार्प्सिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या वाद्यावर, मुद्दाम घेतलीय), रोझलिन ट्यूरेक १९५२-५३, सॅम्युएल फाइनबर्ग १९५८ ते ६१ मधलं, ग्लेन गूल्ड साठच्या दशकाच्या सुरुवातीचं, स्व्यातोस्लाव रिख्टर १९७०. पन्नास वर्षं, एकच पान. सगळं मिळून वीसेक मिनिटांत होतं, म्हणजे लोकलमध्ये दादरहून निघालात तर ठाण्याच्या आत.

पहिल्या फेरीत काही शोधू नका, नुसतं ऐका. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: पेडल किती? म्हणजे एका कॉर्डचे सूर एकमेकांत विरघळतायत का, का प्रत्येक सूर मण्यासारखा सुटा पडतोय. एवढ्या एका प्रश्नावर आठ जण दोन टोकांना जातात. बुसोनी आणि रिख्टर विरघळवणारे, रिख्टरकडे तर साल्झबर्गच्या एका राजवाड्यात केलेल्या रेकॉर्डिंगमधला हॉलचा घुमारा पण आहे, धुक्यात दिवे लागल्यासारखं. गूल्ड पार उलट्या टोकाला, तो अर्ध्यात सूर चक्क तोडून वाजवतो, पहिले काही जोडलेले आणि बाकीचे टिचकी मारल्यासारखे, पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. बाकीचे मधे कुठेतरी.

तिसऱ्या फेरीत शेवट ऐका, म्हणजे शेवटचे चार-पाच बार. जुने लोक तिथे लय चांगली ओढून धरतात, समेवर यायच्या आधी गवई जरा रेंगाळतो तसं. पन्नासनंतरच्या लोकांचं रेंगाळणं कमी कमी होत जातं. आणि जमलं तर मधे एक छोटी गंमत करा: बार मोजा. २२ आणि २३ च्या मधे, जिथे बास एकदम अवघड जागी जातो, तिथे १९व्या शतकातल्या बऱ्याच छापील प्रतींमध्ये एक जास्तीचा बार घुसवलेला होता, कुणाला तरी बाखची ती उडी सहन झाली नाही म्हणून. श्वेंके नावाच्या संगीतकाराच्या नावाने तो ओळखला जातो आणि गुनोच्या आव्हे मारियातही तोच आहे. ३५ मोजले तर बाखचं, ३६ मोजले तर श्वेंकेचा पाहुणा आलेला आहे. वर म्हटलं ना, छापील पुस्तकाचा हिशोब वेगळा, तो हा. त्या काळात बहुतेकांच्या पियानोवर बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी याने १८३७ मध्ये काढलेली किंवा तिच्या धर्तीवरची प्रत असायची, त्यात लय, जोर, सगळं चेर्नीने भरलेलं, आणि वर त्याचं म्हणणं की बेथोव्हेनला हे वाजवताना ऐकलेलं आठवून लिहिलंय. बुसोनीने स्वतः १८९४ मध्ये पहिल्या पुस्तकाची स्वतःची प्रत काढली, तळटीपांनी खच्चून भरलेली. मूळ हस्तलिखितात आहे तेवढंच छापायचं हा आग्रह खरा जोर धरायला विसावं शतक निम्मं सरावं लागलं.

प्रील्यूडनंतर लगेच त्याचा फ्यूग येतो, तो सोडू नका. २७ बार, चार आवाज. फ्यूग म्हणजे काय याचं पुस्तकी उत्तर राहू दे, वारीत एकाने अभंगाची ओळ उचलावी, ती संपते न संपते तोच मागच्याने तीच ओळ दुसऱ्या पट्टीत उचलावी, आणि पहिल्याने गप्प न बसता पुढे वेगळंच काहीतरी गात राहावं. असे चार जण. पियानोवर दहा बोटांत हे चार आवाज सांभाळायचे असतात. इथे जुनी आणि नवी पद्धत स्पष्ट वेगळी कळते. जुनी पद्धत म्हणजे फ्यूग हळू आवाजात सुरू करायचा, एकेक आवाज येईल तसा जोर वाढवत न्यायचा, बासमध्ये जमेल तिथे खालचा सूर पण जोडून ऑर्गनसारखं दणदणीत करायचं आणि शेवटी घुमटाखाली उभं राहिल्यासारखा शेवट. मूळ ओळ जेव्हा येईल तेव्हा ती ठळक, बाकीचं मागे. नवी पद्धत म्हणजे चारही आवाज सारख्या उजेडात, जोर पायऱ्यांसारखा, चढण नाही, आणि लय घड्याळाची. मला स्वतःला पहिली पद्धत प्रील्यूडला आवडते आणि दुसरी फ्यूगला, पण हे महिन्यामहिन्याला बदलतं.

आता फिशरवर थोडं थांबतो, कारण ज्याच्यासाठी हे सगळं करायचं तो हाच. बाझलचा माणूस, १८८६ चा जन्म, त्याचे गुरू मार्टिन क्राउझे हे लिस्टचे शिष्य. १९३३ ते १९३६ मध्ये लंडनला त्याने दोन्ही पुस्तकं पूर्ण रेकॉर्ड केली, पियानोवर अख्खं ४८ करणारा हा पहिला. त्या काळी एवढ्या तबकड्यांचा खर्च निघणार कसा, तर एचएमव्हीने सोसायटी काढली, लोकांनी आधी पैसे भरायचे आणि मग सेट घरी येणार, म्हणजे आजच्या भाषेत क्राउडफंडिंगच. फिशरचा आवाज कसा आहे हे सांगणं अवघड आहे. मऊ, पण गुळगुळीत नाही. त्याच्याकडे लय थोडी पुढे-मागे होते पण कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येत नाही, चांगला तबलजी ठेक्यात जरा श्वास घेतो तसं. पहिला प्रील्यूड झाला की त्याचा आठवा, ई फ्लॅट मायनरचा ऐका. संथ, फोडलेल्या कॉर्ड्स, वर एकटीच एक ओळ. रात्री ऐका, पंखा बंद करून, कारण पंखा आणि तबकडीची खरखर मिळून फार गोंगाट होतो. आणि हो, घाईच्या फ्यूगमध्ये तो कधीकधी धडपडतो, तिथे त्याच्यावर उखडू नका.

लँडोव्स्का हार्प्सिकॉर्डवाली, मग पियानोच्या लेखात कशाला? कारण तिच्यामुळे पियानोवाल्यांचं सगळं गणित बदललं. हार्प्सिकॉर्डमध्ये तार टिचकीने वाजते, बोट जोरात दाबा की हळू, आवाज जवळपास तेवढाच. म्हणजे जोराने भाव दाखवायचा रस्ता बंद, मग उरतं काय, तर वेळ: एखादा सूर किंचित उशिरा, एखादा जरा लांब, दोन सुरांमधली फट. हे एकदा कानाला कळलं की ट्यूरेक आणि गूल्ड पियानोवर काय करायला बघतायत ते कळतं. मात्र तिचं वाद्य जुनं नव्हतं बरं का, पॅरिसच्या प्लेयेल कंपनीने बनवलेलं लोखंडी चौकटीचं दणकट धूड, खाली एक सप्तक उतरून घुमणाऱ्या तारांचा जास्तीचा संच असलेलं. आजचे हार्प्सिकॉर्डवाले नाक मुरडतात. १९३३ मध्ये पॅरिसजवळच्या सेंत-लू गावच्या आपल्या घरी तिने गोल्डबर्ग व्हेरिएशन्स रेकॉर्ड केले, तबकडीवरचं ते पहिलं पूर्ण गोल्डबर्ग. १९४० मध्ये नाझी आले, तिला पळावं लागलं, घरातली वाद्यं आणि ग्रंथसंग्रह लुटला गेला, आणि ती न्यूयॉर्क बंदरात उतरली तो दिवस होता ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरचा. पळायच्या आधी, मार्च १९४० मध्ये पॅरिसला तिने बाखच्याच काळातल्या स्कार्लाटीचे सोनाटा रेकॉर्ड केलेत, त्यातल्या डी मेजरच्या के. ४९० मध्ये (हे नंबर काय ते पुढे) मागे विमानविरोधी तोफांचे आवाज ऐकू येतात. ती थांबत नाही. खरखर जास्त असलेली कॉपी घ्या म्हटलं त्याचं हे अजून एक कारण, पुसलेल्या कॉपीत तोफा पण पुसल्या जायच्या.

फाइनबर्ग हा रशियन, आपल्याकडे फारसं कुणी नाव काढत नाही. त्याने १९१४ मध्ये मॉस्कोत अख्खं ४८ कार्यक्रमात वाजवलेलं. रेकॉर्डिंग अगदी उतारवयातलं आहे, १९६२ मध्ये तो गेलाच. सोव्हिएत रेकॉर्डिंग, पियानो जरा कर्कश, पण ओळी श्वास घेतात, चार आवाज चार वेगळ्या माणसांसारखे बोलतात. आठातला माझा सगळ्यात आवडता तो, फिशरचं एवढं कौतुक करून झाल्यावरही.

गूल्डबद्दल मी कमी बोलणार, इंटरनेट भरलंय. दोन गोष्टी. एक, ट्यूरेक आधी ऐका आणि मग गूल्ड, कारण सुटे, कोरडे, स्पष्ट सूर ही वाट तिने आधी पाडली आणि तिचा प्रभाव आपल्यावर होता हे त्याने स्वतः सांगितलंय. दोन, तो वाजवताना गुणगुणतो आणि खुर्ची कुरकुरते, बापाने पाय कापून बुटकी करून दिलेली घडीची खुर्ची होती ती, तुमचा हेडफोन बिघडलेला नाही. आणि एक आपल्या घरची गंमत: १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यात गूल्डने वाजवलेला दुसऱ्या पुस्तकातला सी मेजर प्रील्यूड-फ्यूग आहे आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी "जात कहाँ हो" पण आहे. एकाच तबकडीवर. हे दोन ट्रॅक लागोपाठ लावून बघा, दोघांकडे लयीची जी शिस्त आहे ती ऐकून जरा वेळ गप्प बसायला होतं.

हे आठ झाले की लोक साहजिकच गोल्डबर्गकडे वळतात आणि तिथे एक खड्डा आहे, तो म्हणजे मिनिटं मोजणं. गूल्ड १९५५, ३८ मिनिटं ३४ सेकंद. गूल्ड १९८१, ५१ मिनिटं १८ सेकंद. ट्यूरेक १९५७, दीड तास. मग कमेंटमध्ये भांडण, ट्यूरेक किती संथ. अरे पण गोल्डबर्गमधल्या प्रत्येक भागाचे दोन तुकडे, आणि प्रत्येक तुकडा परत वाजवायची खूण बाखने दिलेली आहे. १९५५ च्या गूल्डने एकही परत वाजवलेला नाही, १९८१ मध्ये थोडे वाजवले, ट्यूरेकने सगळे. ती संथ आहे हे खरंच, पण दुप्पट-अडीचपट नाही. तेव्हा तुलना करायची तर नुसती पहिली आरिया घ्या, दोघांचा पहिला तुकडा एकदाच, आणि मग बोला. तिथेच विल्हेल्म केम्फची १९६९ ची आरिया पण लावा, त्याने बाखचे जवळजवळ सगळे अलंकार काढून टाकलेत, नुसता सांगाडा. दागिने उतरवलेली नवरी. मला नाही आवडत पण ऐकल्यावर अलंकार काय काम करतात ते जन्मात विसरणार नाही.

"पियानोवरचं पहिलं गोल्डबर्ग गूल्डचं" असं कुणी म्हणालं तर वाद घालायला दोन हत्यारं देऊन ठेवतो. पियानोवादक रुडॉल्फ सर्किनने १९२८ मध्येच ते वेल्टे कंपनीच्या पियानो रोलवर वाजवलेलं. रोल म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे, कागदाच्या पट्टीवर भोकं, ती परत एका यांत्रिक पियानोत घालून वाजवायची, त्यामुळे सूर कुठला आणि साधारण कधी पडला ते कळतं, पण स्पर्श आणि जोर यावर फार विश्वास ठेवू नये आणि वेगावर तर नाहीच, तो मशीन चालवणाऱ्याच्या हातात. याच सर्किनचा किस्सा: तरुणपणी बर्लिनमध्ये कार्यक्रम संपल्यावर वन्स मोअर आला, आता काय वाजवू विचारलं तर व्हायोलिनवाला आडोल्फ बुश गमतीत म्हणाला गोल्डबर्ग वाजव, आणि याने खरंच वाजवले, सगळे. संपेपर्यंत हॉलमध्ये चार माणसं उरली, बुश, पियानोवादक श्नाबेल, संगीताचा अभ्यासक आल्फ्रेड आइनस्टाइन आणि तो स्वतः. दुसरं हत्यार पियानोवादक क्लाउदिओ अराऊ, १९४२ चं अमेरिकेतलं रेकॉर्डिंग. पण त्याच कंपनीत लँडोव्स्काचं गोल्डबर्ग यायचं होतं, अराऊने स्वतःचं मागे ठेवलं, आणि ते बाहेर आलं १९८८ मध्ये. तेही ऐका, मऊसूत वाजवलंय, आणि बाख पियानोवर वाजवायचा नाही असं पुढे ठरवून बसलेल्या माणसाचं आहे हे लक्षात ठेवून ऐका.

स्कार्लाटी शोधताना लोक हमखास अडकतात ते नंबरांत. ५५५ सोनाटा, जवळपास सगळ्यांची नावं नुसती "सोनाटा". आज आपण राल्फ कर्कपॅट्रिकचे नंबर वापरतो, के. अमुक, पण ते आले १९५३ मध्ये. त्याआधीच्या तबकडीच्या लेबलवर, स्कार्लाटी छापून काढणाऱ्या लोंगोचे नंबर, एल. अमुक. म्हणून पियानोवादक दिनू लिपाटीचा १९४७ चा ई मेजर सोनाटा शोधताना के. ३८० टाकून नाही सापडला तर एल. २३ टाका. त्याचाच डी मायनर, के. ९ म्हणजे एल. ४१३. हा के. ९ जुन्या रेकॉर्डिंगमध्ये "पास्तोराल" नावाने भेटला आणि ई मायनरमध्ये ऐकू आला तर स्पीड बिघडलाय असं समजू नका, ते टाउझिगने पियानोसाठी फिरवलेलं रूप असणार. लोंगोच्या छापील प्रतीत अजून एक भानगड, स्कार्लाटीचे मुद्दाम खुपणारे सूर त्याला चुका वाटल्या म्हणून काही ठिकाणी त्याने "दुरुस्त" केलेत, आणि जुने वादक ते दुरुस्त केलेलंच वाजवतात. होरोविट्झचं १९६४ चं रेकॉर्डिंग त्या मानाने मधल्या काळातलं, त्याने कर्कपॅट्रिकशी बोलून तयारी केलेली, पण वाजवतो मात्र पियानोला पियानो समजून, कुजबुजीपासून गर्जनेपर्यंत सगळं.

फ्रेंच संगीतकारांसाठी, म्हणजे रामो आणि कूपरँसाठी, एकच नाव पुरे: पियानोवादक मार्सेल मेयर. रामोची सगळी हार्प्सिकॉर्डची कामं तिने १९५३ मध्ये पियानोवर रेकॉर्ड केली. "ला पूल", म्हणजे कोंबडी, लावा, खरंच कोंबडी चालते. आणि अलंकार ऐका, बोटं अडखळत नाहीत, अलंकार ओळीतूनच उगवतो. ग्रेडच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मोर्डेंट हा अलंकार म्हणजे गणितातलं वजाबाकीचं चिन्ह वाटतं, त्यांना हे ऐकवा.

लेबलवर दोन नावं आणि मधे छोटी रेघ दिसली, बाख-बुसोनी, बाख-लिस्ट, बाख-हेस, तर तो वेगळा खेळ आहे. ऑर्गनचं, व्हायोलिनचं किंवा गाण्याचं पियानोवर आणलेलं. तिथे "बाखने हे लिहिलं नव्हतं" म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही, दुसऱ्या नावाचा तोच धंदा. बुसोनीच्या बायकोची ओळख कुणीतरी "मिसेस बाख-बुसोनी" अशी करून दिली असा किस्सा सांगतात. यातलं एकच ऐकायचं असेल तर फाइनबर्गने स्वतः पियानोवर आणलेले ऑर्गनचे कोराल प्रील्यूड (चर्चमधल्या भजनांच्या चालींवरचे), शेवटच्या वर्षातलं रेकॉर्डिंग.

आणि सगळ्यात शेवटी, हे सगळं महिना-दोन महिने करून झाल्यावर, लिपाटीचा बाख, बी फ्लॅट मेजरचा पहिला पार्टिटा, म्हणजे नाचाच्या तुकड्यांची माळ. स्टुडिओतला जुलै १९५० चा, जिनिव्हाचा. पेडल किती, जोर कुठे, लय कशी, सगळे प्रश्न घेऊन बसा, एकाचंही उत्तर पटकन देता येणार नाही. मग त्याच पार्टिटाचं दुसरं रेकॉर्डिंग, १६ सप्टेंबर १९५०, फ्रान्समधल्या बेझांसाँचा कार्यक्रम. रक्ताचा कॅन्सर म्हणतात त्यातलाच प्रकार, हॉजकिन्स, डॉक्टर नको म्हणत होते, शेवटी शोपांचा एक वॉल्ट्झ वाजवायचं त्राण उरलं नाही, आणि डिसेंबरमध्ये गेला, ३३ वर्षांचा. पण कॉपी निवडताना एक बघा. पार्टिटा सुरू व्हायच्या आधी तो बी फ्लॅटमधल्या कॉर्डचे सूर खालून वर असे सहज फिरवतो, काही सेकंदच, गवई तोंड उघडायच्या आधी सा लावून घेतो तसं. जुने बरेच पियानोवाले असं करायचे, बहुतेकांचं तबकडीवर आलंच नाही. ते सेकंद कापलेली कॉपी असेल तर ती ठेवून द्या, दुसरी शोधा.